आपला खासदार संसदेत काय बोलला, हे आपण कधी वाचलंय का? (ऊसबिल, हमीभाव आणि 2018 ची दोन विधेयकं)

शिरोळचा_मळा

नमस्कार मंडळी. निवडणूक जवळ नाही म्हणूनच हा धागा आत्ता काढतोय. ऐन निवडणुकीत काढला की कोण कुणाचा कार्यकर्ता यातच शंभर प्रतिसाद जातात.

मागच्या महिन्यात वडलांच्या ट्रंकेत उसाच्या जुन्या स्लिपा सापडल्या. हंगामवार गठ्ठे, रबर लावलेले, काही रबरं वितळून कागदाला चिकटलेली. 2018-19 चा गठ्ठा सोडून पासबुकाशी ताडून बघितला. दीड एकराचा ऊस, 60 टनाच्या आसपास. ऊस गेला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिली रक्कम जमा झाली जानेवारीच्या शेवटी, 74 व्या दिवशी, तीही टनाला 2,300 नं. राहिलेलं नंतर तुकड्या-तुकड्यानं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण विषय त्या एका कारखान्याचा नाही.

आता नियम काय आहे बघा. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं. नाही दिलं तर थकलेल्या रकमेवर वर्षाला 15 टक्के व्याज. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच तो किमान दर, होती 10 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागं 275 रुपये. आपल्याकडचा उतारा धरून, तोडणी-ओढणी वजा करून टनाला 2,800 जरी हातात धरले तरी बिल झालं 1,68,000. त्यावर 60 दिवसांचं व्याज 4,100 रुपयांच्या वर जातं. वडलांनी ते कधी मागितलं नाही. असं काही मागता येतं हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी पदवीधर माणूस.

मग डोक्यात आलं की हा नियम मोडतो तेव्हा दिल्लीत कुणी विचारतं का? लोकसभेच्या संकेतस्थळावर रात्री-रात्री बसलो. विचारतात. 'उसाची थकबाकी' हा विषय वर्षानुवर्षं प्रश्नोत्तरांत येतोय, आणि उत्तराला राज्यवार थकबाकीचे तक्ते जोडलेले असतात. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळी बातमी येते, बऱ्याचदा तीही नाही.

तिथूनच हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी 2018 च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत मांडलेल्या दोन खासगी विधेयकांपर्यंत पोचलो. एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं, दुसरं शेतीमालाला किफायतशीर हमीभाव हा कायदेशीर हक्क करण्याचं. राज्यसभेत तशीच विधेयकं केरळचे के. के. रागेश यांनी मांडली. शिरोळच्या माणसानं देशभरच्या शेतकऱ्यासाठी कायद्याचा मसुदा सभागृहात ठेवला. मी त्याच तालुक्यातला, आणि तो मसुदा वाचायला मला इतकी वर्षं लागली. याचं वाईट वाटलं म्हणून धागा काढला.

आपण खासदाराला काय विचारतो? रस्ता, समाजमंदिर, हायमास्ट दिवा. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, तो कुठल्या गल्लीत आला यावर आपण माणूस मोजतो. संसदेत तो कशावर उभा राहिला, हे कोण विचारणार? मला वाटतं ते आपण विचारायचं. राजू शेट्टी आवडोत न आवडोत, नोंदीवर बोलूया.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

भावा, तळमळ पोचली. पण सरळ विचारतो, पुढं काय झालं? विधेयक मांडलं, फोटो आला, सत्कार झाला. पास झालं का? नाही. मग आमच्या उसाच्या स्लिपेवर त्यानं काय फरक पडला? आमच्या आजोळी कसबा बावड्याला ऊस आहे, बिलाचं रडगाणं मीबी बघितलंय. मला कागदापेक्षा खात्यावर जमा झालेला पैसा मोठा वाटतो.

गंगावेस_ताई

सातवी गल्ली दादा, प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

मंत्र्यानं मांडलं तर सरकारी विधेयक, मंत्री नसलेल्या कुठल्याही खासदारानं मांडलं तर खासगी. लोकसभेत खासगी कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. त्यात कुणाचं विधेयक चर्चेला येणार हे चिठ्ठीवर ठरतं. अधिवेशन गोंधळात गेलं की शुक्रवारही जातो. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी 14 विधेयकंच कायदा झाली. शेवटचं 1970 साली, आनंद नारायण मुल्ला यांचं, सर्वोच्च न्यायालयात फौजदारी अपील करण्याच्या हक्काबद्दलचं. त्यानंतर एकही नाही.

तेव्हा 'पास झालं का' या मापानं मोजलं तर पन्नासाहून जास्त वर्षांतला प्रत्येक खासदार नापास ठरतो. तरी लोक विधेयकं मांडतात. 2015 च्या एप्रिलमधे खासदार तिरुची सिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं मंजूर केलं. लोकसभेत ते पार पडलं नाही. पण 2019 ला सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. त्या कायद्यावर टीका झाली तेव्हा लोक काय पुढं करत होते? सिवांचा मसुदा. हातात मसुदा असला की भांडण 'आम्हाला न्याय द्या' इतकं मोघम राहत नाही, कलमावर येतं.

वेंगुर्ल्याकडचा

ताईंच्या मुद्द्याला जोडून. मी कोल्हापुरात वीस वर्षं, मूळ वेंगुर्ल्याचा, त्यामुळे नाथ पैंचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही.

1967 च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्याचा निकाल आला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार, विरोधी बाकावरचे. त्यांनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं, की घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेकडे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्यांकडे असला पाहिजे. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर त्यावर वाद झाला. जवळचे लोकसुद्धा विरोधात बोलले. मंजूर झालं नाही. जानेवारी 1971 मधे नाथ पै गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच वर्षाअखेर 24 वी घटनादुरुस्ती झाली आणि तिचा गाभा तोच होता.

त्यांची भूमिका बरोबर होती का, यावर माझं स्वतःचं मत दोनदा बदललंय. 1973 च्या केशवानंद निकालानं, घटनेची मूळ चौकट संसदेला मोडता येणार नाही, अशी मर्यादा घालून दिली ती बरी झाली असं आज वाटतं. पण एवढ्या मोठ्या प्रश्नावर एका मतदारसंघाचा माणूस अख्ख्या संसदेला बोलायला लावतो, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या घरी त्यांचा फोटो देवघराच्या शेजारी होता. रस्ता केला म्हणून नव्हे, बोलले म्हणून.

माग_चालवतो

इचलकरंजीहून. उसाचं झालं, मागाचं कोण बोलणार? आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग आमचा आणि वीजबिल आमचं. सुताचा दर हलला की आठ-आठ दिवस माग बंद. आमचा पट्टा त्याच हातकणंगले मतदारसंघात येतो. म्हणून विचारतो, शिरोळचा दादा, शोधलंयस तर वस्त्रोद्योगावरचे प्रश्नही शोध. कुणाचेही असूदेत, बाळासाहेब मानेंच्या काळापासूनचे. मला वाचायचे आहेत. आमच्या मागाच्या शेडमधे दुपारी चहाच्या सुट्टीत चारजण बसतात, मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवीन.

कागल_नाका

मी मूळ धाग्याशी थोडा असहमत आहे आणि कारण सांगतो.

शेट्टींची 2014 ची निवडणूक भाजपच्या आघाडीतून झाली. 2017 च्या ऑगस्टमधे ते बाहेर पडले. विधेयकं आली 2018 ला. सत्तेच्या बाकाजवळ असताना, पहिल्या तीन वर्षांत, हाच मसुदा का आला नाही? ही शंका घेण्याचा मतदाराला अधिकार आहे. 2019 ला लोकांनी धैर्यशील मानेंना निवडून दिलं त्यामागं जातीपासून पक्षापर्यंत बरीच कारणं असतील, पण 'हा माणूस कुठल्या बाजूला आहे' हा गोंधळ त्यात होता असं मला गावोगाव ऐकायला मिळालं.

दुसरं. त्यांची खरी ताकद सभागृहात नव्हती, रस्त्यावर होती. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर झाला की त्या आकड्यावरून अख्खा जिल्हा हलायचा. जुलै 2018 चं दूध आंदोलन आठवा, टँकर अडवले आणि चार दिवसांत सरकारला दुधाच्या दरावर बोलावं लागलं. खासदार म्हणून नाही, स्वाभिमानी शेतकरी संघटनेचा माणूस म्हणून ते झालं.

आणि शेतकऱ्यांच्या नेत्यांत सभागृहातला एकटेपणा बघायचा तर शरद जोशी बघा. मार्च 2010, राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक, 186 विरुद्ध 1. तो एक म्हणजे शरद जोशी. मला त्यांचं मत पटत नाही. पण एकट्यानं बटण दाबायला जी छाती लागते तिला मी नमस्कार करतो.

शिरोळचा_मळा

कागल नाका, 2014 ते 2017 बद्दलची शंका मी खोडणार नाही. मलाही पडली होती. पण कालक्रम थोडा सविस्तर मांडतो, कारण त्याशिवाय मसुदा कुठून आला ते कळत नाही.

6 जून 2017 ला मध्य प्रदेशात मंदसौरला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्यानंतर देशभरच्या शेतकरी संघटना एकत्र आल्या, समन्वय समिती झाली. महिन्यानं मंदसौरपासून दिल्लीपर्यंत यात्रा निघाली. 20-21 नोव्हेंबर 2017 ला दिल्लीत संसद मार्गावर शेतकऱ्यांनी आपलीच 'किसान मुक्ती संसद' भरवली आणि तिथं ही दोन विधेयकं मांडली गेली. म्हणजे मसुदा एका माणसानं खोलीत बसून लिहिलेला नाही. तो रस्त्यावर तयार झाला आणि खासदारकी होती म्हणून सभागृहाच्या टेबलावर गेला. रस्ता आणि सभागृह अशी वाटणी तुम्ही केलीत, मला वाटतं इथं ती जोडली गेली. त्या संघटनांकडं लोक होते, पण विधेयक मांडायला सभागृहात आपला माणूस लागतोच.

आता मसुद्यात काय होतं ते. हमीभावाच्या विधेयकाचा कणा स्वामिनाथन आयोगाचा: उत्पादन खर्च अधिक किमान 50 टक्के. आणि खर्च कुठला धरायचा इथं खरी मेख आहे. बी, खत, मजुरी, घरच्या माणसांची मेहनत एवढाच धरला तर आकडा छोटा येतो. त्यात जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज घातलं की येतो तो सर्वंकष खर्च. विधेयकाला हा दुसरा हवा होता. शिवाय शेतकरी कोण, याची व्याख्या रुंद ठेवली होती. सातबारावर नाव नसलेला, वाट्यानं करणारा, शेतमजूर, जनावरं पाळणारा, हे सगळे त्यात. आमच्या शेजारच्या मावशी तीस वर्षं दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतात. कुठल्याही योजनेच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. त्या कलमापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

मे 2019 मधे लोकसभा विसर्जित झाली तशी ही विधेयकंही गेली. पण 2020-21 ला दिल्लीच्या सीमांवर वर्षभर शेतकरी बसले तेव्हा दुसरी मोठी मागणी काय होती? हमीभावाला कायद्याची हमी. ज्यांविरुद्ध ते बसले होते ते केंद्राचे तीन शेती कायदे 29 नोव्हेंबर 2021 ला दोन्ही सभागृहांत चर्चेविना काही मिनिटांत रद्द झाले, आणि हमीभावाचा प्रश्न तिथंच राहिला. तो आजही आहे.

आणि एक. सभागृहात बोलायचा वेळ पक्षाच्या संख्येवर वाटतात. एका खासदाराच्या पक्षाला मोठ्या चर्चेत शेवटी चार-पाच मिनिटं मिळाली तरी नशीब. त्यामुळं भाषण छोटं दिसलं म्हणून कमी लेखू नका. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, बोलायचं तर सकाळी दहाच्या आत सूचना द्यावी लागते, आणि तिथंही नंबर लागेल याची खात्री नाही.

माग चालवणाऱ्या भावा, वस्त्रोद्योगाचे प्रश्न या रविवारी शोधून इथंच टाकतो.

ग्रंथालयातल्या_काकू

नोकरीची सगळी वर्षं पुस्तकांच्या मांडणीत गेली, त्यामुळे हा धागा वाचून बरं वाटलं. दोन-तीन गोष्टी.

कोल्हापूरला ही परंपरा नवी नाही. रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीत होते. निमशिरगावचा माणूस, संस्थानी राजवटीविरुद्ध भूमिगत राहून लढलेला, आणि तोच पुढं राज्यघटना करायला बसला. आज लोकांना ते पंचगंगा साखर कारखान्याचे संस्थापक म्हणून ठाऊक आहेत, घटना समितीचे सदस्य म्हणून फार थोड्यांना. पहिल्या लोकसभेत बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर होते. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. रोज शेकडो मुलं त्या दारातून आत जातात. हा माणूस लोकसभेत होता हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल? 1977 ला शेकापचे दाजिबा देसाई. 2009 ला अपक्ष म्हणून निवडून आलेले सदाशिवराव मंडलिक. प्रत्येकाची भाषणं नोंदीत आहेत. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पहिल्या लोकसभेपासूनचे वृत्तांत स्कॅन करून ठेवलेत.

वाचायचं कसं, तर नुसतं नाव टाकून शोधू नका. तारीख धरा, मग त्या दिवसाचं पूर्ण कामकाज उघडा. आपल्या माणसाच्या आधी कोण बोललं, मधे कुणी अडवलं, मंत्र्यानं काय उत्तर दिलं हे बघा. एकटं भाषण काढून वाचलं की ते सभेतल्या भाषणासारखं वाटतं. आजूबाजूचं वाचलं की ते कुणाला उद्देशून होतं ते कळतं. आणि हजेरी किती टक्के, प्रश्न किती, एवढे आकडे बघून खासदार जोखू नका. कार्यालयातल्या सहायकानं रतीब घालावा तसे टाकलेले प्रश्नही त्या संख्येत मोजले जातात. प्रश्न वाचा. मतदारसंघ ओळखणाऱ्या माणसाचा प्रश्न दोन ओळींत कळतो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

काकू, ताई, काल रात्री बसून वाचलं थोडं. माझं मत अर्धं बदललं. अर्धं अजून तिथंच हाय. नोंद राहते हे मान्य. पण वडलांच्या पासबुकावर 74 वा दिवस पडला तो पडलाच की. त्याला 2018 चं विधेयक काय करणार?

जवाहरनगर_अभ्यासिका

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, त्यामुळं हा भाग पाठ आहे.

दादा, त्या पासबुकावरच थेट उत्तर आहे. फेब्रुवारी 2022 ला राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला परवानगी देणारा शासन निर्णय काढला. त्याविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. तेव्हा ते खासदार नव्हते. मार्च 2025 मधे मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. मुद्दा साधा होता: केंद्राचा 1966 चा आदेश 14 दिवसांत पूर्ण एफआरपी म्हणतो, राज्याला त्यात हप्ते पाडता येत नाहीत.

जो माणूस आधी सभागृहात आणि परिषदेत 14 दिवस, 14 दिवस म्हणत राहिला, तोच मुद्दा घेऊन कोर्टात उभा राहिला. माझ्या लेखी हे सगळं एकाच कामाचे भाग आहेत. मला ते पक्षाच्या कारणानं नाही, एकच मुद्दा इतकी वर्षं धरून ठेवला म्हणून पटतं. आमचा पण पाऊण एकर आहे, आळत्याला.

कागल_नाका

हे मान्य. ही बाजू मी धरली नव्हती. चिकाटी आहे.

शिरोळचा_मळा

रात्री जेवताना वडलांना ते 14 दिवसांचं आणि 15 टक्क्यांचं कलम वाचून दाखवलं. भाकरी हातातच राहिली. म्हणाले, "हे 1966 पासनं हाय?" मी म्हटलं, आदेश 1966 चा. ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, 1966 ला ते बांधावर बैलामागं चालत होते. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मग ते व्याज मागायचं कुणाकडं?"

मला उत्तर देता आलं नाही. इथं कुणाला माहीत असेल तर सांगा. इतक्या वर्षांनी मिळेल अशी आशा त्यांनाही नाही. पण अर्ज करायचा म्हणतात.

ग्रंथालयातल्या_काकू

कोल्हापुरात प्रादेशिक साखर सहसंचालकांचं कार्यालय आहे, तिथून सुरुवात करा. वरती पुण्याला साखर आयुक्त. थकबाकीसाठी आरआरसीची, म्हणजे महसुली वसुलीची कारवाई तेच काढतात. स्लिपांच्या झेरॉक्स, पासबुकाचं ते पान, आणि एका कागदावर तारखांचा साधा तक्ता: ऊस कधी गेला, पैसे कधी आले, मधले दिवस किती. मूळ स्लिपा हातातून सोडू नका. अर्जाची एक प्रत स्वतःकडं, तिच्यावर तारखेसह पोचेचा शिक्का. वडलांनाच सही करू दे.

शिरोळचा_मळा

सोमवारी दोघं जातोय. रबर चिकटलेल्या स्लिपा सोडवायला बसलोय आत्ता, एक फाटली, पण वजनाचा आकडा शाबूत आहे.